कोट, पेठ आणि माणूस

मध्ययुगीन युरोप म्हटले की आपल्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. डोंगरमाथ्यावरचा किल्ला, चिलखत घातलेले सरदार, आभाळाला भिडणारी महामंदिरे आणि राजाला बहिष्कृत करणारे पोप. ही चित्रे आपल्याला शाळेच्या पुस्तकांनी दिली. त्याच काळी आपल्या अंगणात काय घडत होते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो. हिंगोली जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबाला तो विचारण्याचे विशेष कारण आहे. आपला धर्म परदेशातून आला आणि आपली माती येथली, अशी दोन वेगवेगळ्या कप्प्यांतली विभागणी आपण नकळत मनाशी करून ठेवलेली असते. इतिहास नीट वाचला तर हे कप्पे इतके वेगळे राहत नाहीत.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. शासकीय हिशेबाने तो कोवळा आहे. पण त्याची भूमी जुनी आहे. औंढा येथील नागनाथाचे मंदिर पाहावे. त्याचा वरचा भाग पुढच्या काळातला, परंतु खालचा कोरीव दगडी भाग ज्या शैलीचा आहे तिला आपण हेमाडपंती म्हणतो. तेथून जवळच कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. संत नामदेवांचा जन्म १२७० मध्ये येथे झाला, अशी परंपरा आहे. त्याच वर्षी फ्रान्सचा राजा संत लुई नववा ट्यूनिसच्या किनाऱ्यावर मरण पावला. औंढ्याचे दगड आणि पॅरिसचे दगड एकाच युगात घडवले जात होते. त्या युगात सत्ता कशी वाढली, तिने कोणाला आसरा दिला आणि कोणाला चिरडले, हे दोन्हीकडे शेजारी ठेवून पाहण्याचा आमचा विचार आहे.

आधी राजे घेऊ. इ. स. ९७३ मध्ये तैलप चालुक्याने राष्ट्रकूटांची सत्ता उलथून टाकली, तेव्हा सिन्नर परिसरातले यादव हे त्याच्या बाजूने उभे राहिलेले एक मांडलिक घराणे होते. चौदा वर्षांनी, ९८७ मध्ये, फ्रान्सच्या सरदारांनी ह्यू कापे याला राजा म्हणून निवडले. नावाने तो साऱ्या फ्रान्सचा राजा; प्रत्यक्षात त्याची हुकमत पॅरिस आणि ऑर्लेआं यांच्या आसपासच्या टापूपुरती होती. दोन्ही घराण्यांनी वाट पाहिली. लग्नसंबंध जोडले, धन्याच्या पडत्या काळावर नजर ठेवली, एकेक परगणा पदरात पाडून घेतला. दोनशे वर्षांनी दोघांचेही दिवस आले. कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता खिळखिळी होताच पाचव्या भिल्लमाने १1८७ च्या सुमारास स्वातंत्र्य पुकारले आणि देवगिरीला राजधानी वसवली. त्याच सुमारास फ्रान्सचा दुसरा फिलिप पॅरिसभोवती कोट उभारीत होता. ते काम ११९० मध्ये सुरू झाले. १२१० मध्ये गादीवर आलेल्या सिंघणाने यादवांचे राज्य दक्षिणेत आणि कोकणच्या दिशेने दूरवर वाढवले; १२१४ मध्ये फिलिपने बूव्हीनच्या लढाईत आपल्या शत्रूंचा मोड केला. एका पिढीत दोन लहान घराणी मोठी झाली.

परंतु सत्ता तलवारीने मिळते आणि दप्तराने टिकते. इंग्लंडचा विजेता विल्यम याने १०८६ मध्ये साऱ्या देशाची पाहणी करवली. कोणाची जमीन किती, नांगर किती, गिरण्या किती, कुळे किती, हे सारे 'डूम्सडे' नावाच्या ग्रंथात उतरले. पुढे इंग्लंडच्या खजिन्यात चौकटीच्या कापडावर सोंगट्या मांडून वसुलीचा हिशेब होऊ लागला. हे लिहिण्याचे काम करीत होते मुख्यत्वे धर्मसेवक, कारण लिहिता येणारी माणसे बहुधा तीच होती. आजच्या कचेरीतला 'क्लार्क' हा शब्द धर्मसेवकाच्या लॅटिन नावापासून आला आहे. देवगिरीच्या दरबारी हेच काम हेमाद्री पंडिताकडे होते. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या काळात तो श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख होता. मोडी लिपी त्याने रूढ केली, असे परंपरा सांगते. 'चतुर्वर्गचिंतामणी' हा व्रते, दाने आणि श्राद्धे यांचा प्रचंड ग्रंथ त्याच्या नावावर आहे. देवळांच्या शैलीला त्याचे नाव मिळाले यात नवल नाही: दगड रचणारे हात अनामिक राहिले आणि हिशेब लिहिणाऱ्याचे नाव उरले.

आता शहरे घेऊ, कारण दोन्ही इतिहास येथे वेगळ्या वाटांनी जातात. अकराव्या शतकापासून युरोपात शेती सुधारली, बाजार वाढले, नद्यांच्या काठांवर आणि जुन्या रोमन तटांच्या आत विणकर, सोनार, सावकार यांची वस्ती दाट झाली. या लोकांना एक गोष्ट हवी होती: आपल्या धन्याची लहर आपल्या डोक्यावर नको. त्यांनी एकत्र येऊन शपथ घेतली आणि आपल्या शहराचा संघ स्थापला. अनेक शहरांत असा नियम रूढ झाला की पळून आलेले वेठबिगार कूळ एक वर्ष आणि एक दिवस शहरात राहिले, तर त्याच्यावरचा धन्याचा हक्क संपतो.

हा धनी पुष्कळदा बिशप असे, हे आम्ही लपवू इच्छीत नाही. उत्तर फ्रान्समधील लां या शहराचा बिशप गोद्री हा शहराचा जमीनदारही होता. तो परदेशी गेला असता नगरवासीयांनी पैसे मोजून संघाची सनद मिळवली. परत आल्यावर त्याने आपला वाटा घेतला आणि सनद मान्य केली. पुढे तीच सनद राजाला हाताशी धरून त्याने रद्द करवली. एप्रिल १११२ मध्ये शहर पेटले. बिशप एका पिंपात लपला होता. जमावाने त्याला ओढून काढले आणि ठार केले. महामंदिराला आग लागली. हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु दिलेला शब्द विकणारा मेंढपाळ आपल्याच कळपाला लांडगे बनवतो, हा धडा ख्रिस्तसभेने लां येथे घेतला. सोळा वर्षांनी, ११२८ मध्ये, राजाला त्या शहराला पुन्हा सनद द्यावी लागली.

इटलीत हाच झगडा अधिक मोठ्या प्रमाणावर झाला. सम्राट फ्रेडरिक बार्बरोसा याने ११६२ मध्ये मिलान शहर उद्ध्वस्त केले, कोट पाडला आणि रहिवाशांना बाहेर घालवले. पाच वर्षांत लोंबार्दीच्या शहरांनी एकजूट केली. या वेळी पोप तिसरे अलेक्झांडर शहरांच्या बाजूने होते. ११६८ मध्ये वसवलेल्या नव्या शहराला शहरांनी त्यांच्यावरून अलेस्सांद्रिया हे नाव दिले. ११७६ मध्ये लेन्यानो येथे सम्राटाचा पराभव झाला आणि ११८३ च्या कॉन्स्टन्सच्या तहात शहरांना दोन गोष्टी मिळाल्या: आपले अधिकारी निवडण्याचा हक्क आणि आपला कोट बांधण्याचा हक्क. इंग्लंडमध्ये १२१५ च्या महासनदेत लंडनच्या जुन्या हक्कांची हमी आली. त्या सनदेमागे कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांचा मोठा हात होता. आणि तीच सनद त्याच वर्षी पोप तिसरे इनोसंट यांनी रद्द ठरवली. एकाच ख्रिस्तसभेचे दोन थोर पुरुष एकाच कागदाच्या दोन बाजूंना उभे होते. सत्तेच्या प्रश्नावर ख्रिस्तसभेचा आवाज नेहमी एकच होता असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या शहरांना स्वर्ग मानण्याचेही कारण नाही. संघाची सूत्रे लवकरच मोजक्या श्रीमंत घराण्यांच्या हाती गेली. ज्यूंना तर त्या कोटात कधीच सुरक्षित जागा मिळाली नाही. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने त्यांच्यावर वेगळ्या पोशाखाची सक्ती केली. इंग्लंडने १२९० मध्ये आणि फ्रान्सने १३०६ मध्ये त्यांना हाकलून दिले. कोट बाहेरच्या शत्रूला अडवतो आणि आतल्या माणसांत कोण आपला, कोण परका, हेही ठरवतो.

आपल्याकडे पेठा नव्हत्या काय? होत्या, आणि भरभराटीच्या होत्या. चाळीसगावजवळच्या पाटण येथे १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, असे त्यात सांगितले आहे. लेखाचा शेवटचा भाग मराठीत असून बाजारातील मालातला कोणता वाटा मठाला द्यावा, हे तेथे नोंदले आहे. पॅरिसच्या विद्यार्थ्यांना फ्रान्सच्या राजाने सनद दिली ती १२०० मध्ये. म्हणजे विद्येला पेठेचा आधार दोन्हीकडे एकाच काळी मिळत होता. पंढरपूरच्या 'चौऱ्यांशीच्या शिलालेखा'त शके ११९५ पासून पुढची काही वर्षे विठ्ठलाच्या देवळाला दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत राजा रामचंद्र आहे, हेमाद्री आहे आणि गावोगावचे साधे भक्तही आहेत. फ्रान्समधील शार्त्रच्या महामंदिरात रंगीत काचांच्या खिडक्यांवर भाकरी भाजणारे, चामडे कमावणारे, कापड विकणारे लोक आपापले काम करताना दिसतात. ही दोन दृश्ये एका जातीची आहेत.

फरक दिसतो तो पुढच्या पायरीवर. येथे महाजन होते, श्रेणी होत्या, व्यापाऱ्यांचे दूरवर पसरलेले संघ होते. परंतु राजाशी करार करून, आपला कोट आपण बांधून, आपला कारभारी आपण निवडणारी शहरे यादवांच्या राज्यात उभी राहिलेली दिसत नाहीत. पेठेने दान दिले, कर दिला; सत्तेत वाटा मागितला नाही. सत्ता देवगिरीच्या एका खडकावर एकवटली होती.

त्या खडकाची परीक्षा १२९६ मध्ये झाली. अल्लाउद्दीन खिलजी अचलपूरच्या वाटेने अकस्मात देवगिरीवर आला. राजपुत्र शंकरदेव मुख्य फौज घेऊन दूर गेला होता. खालचे शहर लुटले गेले आणि रामचंद्र किल्ल्यात अडकला. फिरिश्ता या इतिहासकाराने एक हकीकत लिहून ठेवली आहे: घाईघाईने किल्ल्यात चढवलेल्या पोत्यांत धान्य असेल असे सर्वांनी धरले होते, उघडल्यावर आत मीठ निघाले. ही हकीकत शब्दशः खरी माना किंवा न माना, तिच्यातला अर्थ खरा आहे. अजिंक्य म्हणून नावाजलेला किल्ला दाण्याविना उभा राहत नाही. आणि दाणा पिकवणारा, वाहणारा, विकणारा माणूस तर कोटाबाहेर होता. १३०७-०८ च्या स्वारीत मलिक काफूरने रामचंद्राला दिल्लीला नेले. तो मांडलिक होऊन परतला. १३१८ मध्ये त्याचा जावई हरपालदेव मारला गेला आणि यादवांचे राज्य संपले.

त्याच वर्षांत युरोपातही एक मोठा कोट ढासळत होता. पोप आठवे बोनिफास यांनी १३०२ मध्ये असा दावा मांडला की राजांची सत्ताही धर्मसत्तेच्या अधीन आहे. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या चौथ्या फिलिपच्या माणसांनी अनान्यी येथे त्यांना त्यांच्याच वाड्यात कैद केले. अनान्यीच्या नागरिकांनी त्यांची सुटका केली, पण महिनाभरात त्यांचा अंत झाला. १३०९ पासून पोपांचे आसन रोम सोडून आव्हिन्योंला गेले आणि फ्रेंच राजाच्या सावलीत सुमारे सत्तर वर्षे राहिले. राजासारखी सत्ता मागणाऱ्या धर्मसत्तेला अखेर राजाच्याच दारी राहावे लागले.

राजा आणि पेठ यांच्या या कहाणीत एक तिसरी शक्ती आहे. तिच्यासाठीच हा सारा प्रपंच आम्ही मांडला. असिसी हे इटलीतले लहानसे शहर. ११९८ मध्ये तेथील नागरिकांनी सम्राटाचा डोंगरावरचा किल्ला पाडला आणि त्याच्या दगडांनी शहराचा कोट बांधला, असे सांगतात. एका कापडव्यापाऱ्याचा मुलगा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. पुढे १२०२ मध्ये तो शेजारच्या पेरुज्या शहराविरुद्ध लढला आणि कैदेत पडला. किल्ला पाडणारे हात दुसरे शहर पाडायला निघाले होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. हा तरुण म्हणजे संत फ्रान्सिस असिसीकर. त्या शहरात श्रीमंतांना 'मोठे' आणि सामान्यांना 'लहान' म्हणत. फ्रान्सिसच्या संघाने 'लहान बंधू' हे नाव घेतले. त्यांनी आपले सृष्टिस्तोत्र रचले ते विद्वानांच्या लॅटिनमध्ये नव्हे, तर लोकांच्या बोलीत.

संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे. तेही कापडाशी नाते असलेले. तेही दरबाराकडे गेले नाहीत, लोकांकडे गेले. संस्कृतात नव्हे, मराठीत गायले. विसोबा खेचर हे त्यांचे गुरू. शिवलिंगावर पाय ठेवून पडलेल्या विसोबांनी, देव नाही अशी जागा दाखव म्हणजे तेथे पाय ठेवतो, असे नामदेवांना सांगितल्याची कथा औंढ्याच्या देवळाशी जोडलेली आहे. नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. रामचंद्र यादवाचे राज्य देवगिरीच्या पलीकडे टिकले नाही; नरसीच्या शिंप्याची वाणी पंजाबात पोचली आणि अजून गायली जाते. या दोन संतांची तुलना आम्ही ताणणार नाही. त्यांच्या श्रद्धेची भाषा वेगळी, त्यांचा देवाकडे जाण्याचा मार्ग वेगळा. परंतु ज्या सत्तेला कोट लागत नाही ती सत्ता दोघांनीही ओळखली होती.

कोटाचा दुसरा अर्थ संत चोखामेळा यांच्या मरणात आहे. परंपरा सांगते की १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या कोटाचे काम करीत असता भिंत कोसळली आणि मजुरांसह चोखोबा तिच्याखाली गाडले गेले. ज्या गावकुसाच्या आत राहण्याचा हक्क त्यांना नव्हता, तेच गावकूस ते बांधीत होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वाराशी समाधी बांधली. आपल्या मराठवाड्यातील धर्मग्रामांत अशी कितीतरी कुटुंबे आहेत ज्यांच्या पूर्वजांनी गावकुसाबाहेर जन्म काढले. त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

आणि आता ठाण्याकडे वळू. १२६५ च्या सुमारास यादवांनी शिलाहारांचे उत्तर कोकण जिंकले, तेव्हा ठाणे देवगिरीच्या ताब्यात आले. यादव गेल्यावर दिल्लीच्या. १३२१ मध्ये तेथे चार फ्रान्सिस्कन उतरले: तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस. पहिल्या तिघांच्या नावांतच इटलीची शहरे आहेत. असिसीच्या कोटातून निघालेली लहान बंधूंची वाट अशी आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला लागली. शहराच्या अधिकाऱ्याच्या हुकुमाने त्या चौघांना मृत्यू आला. त्यांचे सोबती डॉमिनिकन संन्यासी जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपारा येथे पुरले. हेच जॉर्डानस १३२९ मध्ये कोल्लमचे बिशप नेमले गेले. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचे फ्रान्सिस्कन प्रवासी आले आणि त्या अस्थी बरोबर घेऊन चीनकडे गेले. ठाण्याच्या 'मलिक' या अधिकाऱ्याचा अर्थ सांगताना ओदोरिक यांनी इटालियन शहरांच्या कारभाऱ्याचे 'पोदेस्ता' हे नाव वापरले. परक्या मुलखातली सत्ता त्यांनी आपल्या गावच्या शब्दाने ओळखली. सत्तेचा चेहरा त्यांना कोठेच अनोळखी वाटला नाही.

ओदोरिक हुतात्म्यांच्या अस्थी वाहतात आणि काही वर्षांनी नामदेव चोखोबांच्या अस्थी वाहतात. त्या काळच्या राजांची दप्तरे कीटकांनी खाल्ली, कोट ढासळले. पण ज्यांना सत्तेने चिरडले त्यांच्या अस्थी कोणीतरी प्रेमाने उचलल्या, म्हणून त्यांची नावे आपल्यापर्यंत आली.

हे सारे आज आपल्या काय उपयोगाचे? लोंबार्दीच्या शहरांना जे मिळवायला लढाई करावी लागली, ते आपल्याला राज्यघटनेने दिले आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींना आणि नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि स्त्रियांसाठी तेथे जागा राखल्या गेल्या. गावकुसाबाहेरच्या घरातली स्त्री आज सरपंचाच्या खुर्चीत बसू शकते. ती खुर्ची रिकामी ठेवणे किंवा तिच्यावर बसून दुसऱ्याच्या सांगण्यावरून सही करणे, म्हणजे मिळालेली सनद स्वतःच्या हाताने परत करणे होय.

आणि ख्रिस्तसभेच्या घरातले काय? भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि आपल्याच घरात जातीची भिंत उभी आहे, हे त्यात मान्य केले. १९८३ च्या धर्मनियमसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असणे बंधनकारक केले आहे. म्हणजे धर्मगुरूने एकट्याने तिजोरी सांभाळू नये. विश्वासू लोकांनी हिशेब पाहावा, विचारावा, सल्ला द्यावा. हे वाचून एखाद्याला वाटेल की असल्या कोरड्या गोष्टींचा श्रद्धेशी काय संबंध? लांच्या बिशपाला विचारावे. रामचंद्राच्या पोत्यांत मीठ निघाले, कारण पोती कोणी वेळेवर उघडून पाहिली नाहीत.

आमची वाचक कुटुंबांना एकच विनंती आहे. धर्मग्रामाचा वार्षिक हिशेब वाचला जाईल त्या रविवारी मिस्साबली आटोपताच घाईने घरी निघू नये. बसावे, ऐकावे, न समजेल ते विचारावे. आणि जे कधीच बोलत नाहीत, मागच्या बाकावर बसतात, त्यांना पहिल्यांदा बोलू द्यावे.